तापाची वही



गेल्या महिन्यात वस्तीतील विहारात रविवारची बैठक आटोपली आणि सतरंज्या गोळा करता करता एक तरुण माझ्याजवळ आला. हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारा, मेहनती मुलगा. त्याला सात महिन्यांची मुलगी आहे. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? बाळाला ताप आला की घरातल्या बाया सगळं पाहतात. मी नुसता दारात उभा राहतो. बापानं काय करायचं असतं?"

प्रश्न साधा होता. पण मला त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता आले नाही. कारण दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही असाच दारात उभा राहणारा बाप होतो. आजच्या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. डॉक्टरांकडून जे शिकलो आणि स्वतःच्या घरी जे भोगले, तेवढेच सांगणार आहे.

मला दोन अपत्ये. थोरली मुलगी आता आठवीत आहे आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा. थोरलीच्या लहानपणी मी कार्यकर्ता होतो, बाप फक्त नावापुरता होतो. ऑफिस सुटले की कुणाचे जातीचे प्रमाणपत्र, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुठे सभा, कुठे अभ्यासवर्ग. तिच्या तापाच्या, खोकल्याच्या रात्री माझ्या पत्नीने एकटीने काढल्या. मी सकाळी उठून विचारायचो, "आता बरी आहे ना?" आणि डबा घेऊन निघायचो.

धाकटा चौदा महिन्यांचा असतानाची गोष्ट. त्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीत माझे भाषण होते. विषय होता अंधश्रद्धा. मी दोरे-गंडे, अंगारे-धुपारे यांवर चांगला अर्धा तास बोललो, टाळ्याही मिळाल्या. फोन खिशात होता, पण आवाज बंद केलेला. घरून दोनदा फोन येऊन गेला होता, तो बाहेर पडल्यावर दिसला. घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पत्नी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "अहो, अंग फार तापलंय. औषध दिलं, पण उतरत नाही." मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "सकाळी दाखवू."

पाच मिनिटेही झाली नसतील. बाळाचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि झटके सुरू झाले. तोंडातून फेस आला, ओठ काळेनिळे पडले. पत्नी किंचाळली. माझी आई आतून धावत आली आणि ओरडली, "बाबू, पोराले चप्पल हुंगव! लवकर!"

आणि बंधू-भगिनींनो, मी दाराशी जाऊन चप्पल उचलली. तासाभरापूर्वी ज्या हाताने माइक धरला होता, त्याच हाताने मी माझ्या बाळाच्या नाकाशी चप्पल धरली. शेजारच्या मावशींनी दातखीळ सोडवायला चमचा आणला, तोही मी त्याच्या तोंडात घालणार होतो. तेवढ्यात झटके आपोआप थांबले. बाळ रडले आणि मग गुंगीत गेले.

ही गोष्ट मी आजपर्यंत कुठल्याही व्यासपीठावर सांगितली नव्हती, लाज वाटत होती. पण त्या रात्रीने मला एक गोष्ट शिकवली. संकटाच्या क्षणी माणसाला त्याचे भाषण आठवत नाही, हाताला जे आधीपासून माहीत असते तेच हात करतात. माझ्या आईच्या हाताला चप्पल माहीत होती. माझ्या हाताला काहीच माहीत नव्हते, म्हणून मी तिचे ऐकले. चप्पल चुकीची, हे मला माहीत होते. बरोबर काय, ते माहीत नव्हते.

डॉक्टरांचे प्रश्न

आम्ही ऑटो करून दवाखान्यात गेलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी बाळाला तपासले, मान वाकवून पाहिली, टाळू चाचपली. मग माझ्याकडे वळून विचारू लागल्या.

"वजन किती आहे बाळाचं?" मला ठाऊक नव्हते.

"ताप किती होता?" मोजला नव्हता. घरात थर्मामीटरच नव्हता.

"औषध कोणतं दिलं, किती, आणि किती वाजता?" पत्नी म्हणाली, "एक चमचा, संध्याकाळी." कोणता चमचा? स्वयंपाकघरातला.

"झटका किती मिनिटं चालला?" मला तो तासभर वाटला होता. आई म्हणाली, दहा मिनिटे. पत्नी म्हणाली, दोन.

मी बी.कॉम. झालेला माणूस. ऑफिसात आवक-जावक नोंदवही माझ्या ताब्यात. कोणते पत्र कुठल्या तारखेला आले, कुठल्या टेबलावर गेले, हे मी झोपेतही सांगू शकतो. आणि माझ्या स्वतःच्या मुलाचे वजन मला सांगता आले नाही.

परत येताना ऑटोमध्ये पत्नी एकच वाक्य बोलली, "समाजाच्या पोरांसाठी तुमच्याकडे रात्र आहे, घरच्या पोरासाठी नाही." त्यावर मला उत्तर नव्हते आणि आजही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी एक डिजिटल थर्मामीटर आणि शंभर पानी वही घेतली. वहीवर बाळाचे नाव घातले. आमच्या घरात तिला 'तापाची वही' म्हणतात.

ताप आणि औषधाचा हिशेब

त्या वहीच्या पहिल्या पानावर बाळाचे वजन आहे, कारण लहान मुलाचे औषध वयावर नव्हे, वजनावर ठरते. तापासाठी पॅरासिटामॉल द्यायचे ते एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत.

खरी गफलत पुढे होते. एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एका बाटलीत ५ मिलीलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच ५ मिलीलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर १ मिलीलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम. समजा बाळ १० किलोचे आहे आणि त्याला १५० मिलिग्रॅम द्यायचे आहे. पहिल्या बाटलीतून ते ६ मिलीलीटर होते, दुसरीतून ३ आणि थेंबांतून अवघे दीड. त्याच आठवड्यात आमच्याकडे पहिली बाटली संपून दुकानातून दुसरी आली होती. चमचा तोच ठेवला असता तर औषध दुप्पट गेले असते. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा, सोबतच्या मापानेच मोजा आणि वहीत वेळ लिहा. आईने दिले आणि आजीने पुन्हा दिले, असे आपल्या एकत्र घरांत सर्रास घडते. वही असली की घडत नाही. मात्रा पहिल्यांदा ठरवताना डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्यावी हे उत्तम. मुलांना ॲस्पिरिन मात्र कधीही देऊ नये.

तापाचा आकडा १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याला ताप म्हणतात. पण आकड्याइतकेच बाळाकडे पाहणे महत्त्वाचे. १०२ ताप असूनही बाळ खेळते आहे, पाणी पिते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, तर घाबरण्याचे कारण नसते. उलट ताप कमी आहे पण बाळ मलूल पडले आहे, अंगावर पीत नाही, उठवले तरी उठत नाही, तर लगेच निघावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. अंगावर गोधड्या घालू नयेत. पट्ट्या ठेवायच्या तर कोमट पाण्याच्या ठेवाव्यात, बर्फाच्या नकोत.

झटका आला तर

ज्याला आपण आकडी, झटके किंवा फिट म्हणतो, ते तापामुळे सहा महिने ते पाच वर्षे या वयात येऊ शकतात. शंभरातील दोन ते पाच मुलांना असे होते. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत अशी मुले आहेत. दिसायला भयंकर असले तरी बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मेंदूला इजा होत नाही. ही मिरगी नव्हे, 'बाहेरचे' तर मुळीच नव्हे. आम्हाला वाटले, चप्पल हुंगवली म्हणून थांबले. ती हुंगवली नसती तरी थांबलेच असते. अशाच योगायोगांवर चपलेची, कांद्याची आणि भगताची कीर्ती उभी आहे.

करायचे ते एवढेच. बाळाला जमिनीवर किंवा सपाट जागी एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासात जाणार नाही. गळ्याजवळचे कपडे सैल करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. थांबले तरी पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, कारण तापाचे मूळ मेंदूज्वरासारख्या आजारात नाही ना, हे त्यांनाच तपासता येते. ज्यांना एकदा झटका आला त्यांतील साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुन्हा येऊ शकतो. आमच्या मुलालाही सात महिन्यांनी पुन्हा आला. त्या वेळी माझी आई घड्याळाकडे धावली. म्हणाली, "दीड मिनट झालं, बाबू." चपलेचे नाव कुणी काढले नाही.

आईला मी कधीच दोष दिला नाही. तिला जे माहीत होते ते तिने जिवाच्या आकांताने केले. वेगळे कळल्यावर तेही तिने तितक्याच जिवाने केले.

सर्दी-खोकला : श्वास मोजा

वहीच्या दुसऱ्या पानावर खोकला आहे. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारण आहे. बालवाडीत जाऊ लागले की जास्तच. "पोरगं सारखं आजारीच असतं" म्हणून आई-बाप हवालदिल होतात, पण शरीर या वयात नवनव्या विषाणूंची ओळख करून घेत असते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून दुकानातून स्वतःहून मागू नये. कोमट पाणी, अंगावरचे दूध आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. वर्ष उलटलेल्या मुलाला थोडा मध चालतो. वर्षाच्या आत मात्र मध चाटवू नये.

खोकल्याच्या गोड बाटल्यांबाबत तर अधिकच सावध राहा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेले खोकल्याचे औषध पोटात गेल्याने वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आमच्या नागपुरात आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत. साध्या खोकल्याला ज्याची गरजच नव्हती, अशा औषधाने ती लेकरे गेली.

मग खोकल्यातला धोका ओळखायचा कसा? त्यासाठी यंत्र लागत नाही. बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याचे पोट उघडे करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर क्षणाचाही उशीर नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्री-पुरुषांना असे श्वास मोजायला शिकवले आणि त्यातून बालमृत्यू कमी होतात हे दाखवून दिले. खेड्यातली कमी शिकलेली बाई जे करू शकते, ते आपण पदवीधर बापांनी करू नये काय?

आपल्या वाचकांना न्यूमोनिया हा शब्द वेगळ्या रीतीने परिचित आहे. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे बालपणीच गेली, एकटा यशवंत जगला. त्यांतला लाडका राजरत्न १९२६ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्या काळी या आजारावर आजची अँटिबायोटिक औषधे नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यात मिळतात. आता एखादे लेकरू न्यूमोनियाने जाते, ते बहुधा उशीर झाला म्हणून. तो उशीर टाळणे आपल्या हाती आहे.

जुलाब आणि माझा भाऊ

तिसरे पान लिहिताना माझ्या आईने मला थांबवले. ती म्हणाली, "तुह्या मोठ्या भावाचंही लिही."

माझ्या जन्माच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. सन १९७८. अकरा महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. घरातल्या मोठ्यांनी सांगितले, दात येत आहेत, हगवण लागणारच. आणि सांगितले की पाणी पाजू नको, पाण्याने जुलाब वाढतात. अंगावरचे दूधही तोडायला लावले. बाळ पाण्याच्या भांड्याकडे हात करायचे, ते भांडे तिने उचलून फळीवर ठेवले. दुसऱ्या रात्री ते गेले. जवळजवळ पन्नास वर्षे झाली, ती अजून म्हणते, "पाणी मागत होता पोरगा."

आता दुसरी गोष्ट सांगतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. आजाऱ्यांचे नातेवाईकच पाजत होते. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

म्हणजे माझ्या भावाला वाचवणारे ज्ञान तो जन्मण्याच्या आधीपासून या देशात होते. बनगावला पोचले होते, आमच्या घरापर्यंत पोचले नव्हते. माझ्या आईच्या मांडीवर मूल होते आणि हाताशी पाणीही होते. फक्त 'पाज' म्हणणारे कुणी नव्हते.

म्हणून हे पाठच करा. जुलाब झाले की पाणी बंद करायचे नाही, वाढवायचे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लीटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण टाकायचे. लहान पाकिटे २०० मिलीलीटरचीही असतात, म्हणून वाचून घ्या. अर्धे पाकीट, अंदाजाने पाणी, वरून साखर, असे काही करू नका. दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला पाव ते अर्धा कप, त्यावरील मुलाला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. कालवलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न सुरूच ठेवा. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत. ओआरएस आणि झिंक सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आशाताईंना विचारा. दुकानातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. नियमात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव लावण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

आणि दातांचे म्हणाल, तर दात आल्याने जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यातून जंतू पोटात जातात. जुलाबात रक्त पडले, डोळे खोल गेले, बाळ पिईनासे झाले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर थांबू नका.

वाढीचे पान

वही केवळ आजारांची ठेवली असती तर ती उदास झाली असती. म्हणून शेवटच्या पानांवर आम्ही वाढ लिहितो. जन्माच्या वेळी बाळ तीन किलोच्या आसपास असते, पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट आणि वर्षापर्यंत तिप्पट होते. मात्र दुसऱ्या वर्षात अवघे दोन-अडीच किलो वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. नेमके तेव्हाच आपल्या घरांत "पोरगं काही खातच नाही" म्हणून मारून-मुटकून भरवणे सुरू होते. बाळ खेळते आहे आणि अंगणवाडीच्या कार्डावरील वजनाची रेषा वर जाते आहे, तर त्याची भूक त्याला कळते. रेषा दोन महिने आडवी राहिली, तर मात्र विचारायला जा.

त्याच कार्डावर लसीकरणाच्या तारखा असतात. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, म्हणून पुढची लस चुकवू नका. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुले दगावली. त्यांतील अनेकांची लस राहिली होती. गोवर हा देवीचा कोप नाही, तो लशीने टळणारा आजार आहे.

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तेव्हा औषध पाहताच तोंड मिटू लागला. "मी नाही!" हा त्याचा आवडता शब्द. नाक दाबून पाजायचा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही तसे केले नाही, कारण ठसका लागून औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. माप त्याच्या हातात दिले, गालाच्या बाजूने थोडे थोडे पाजले. "औषध कडू आहे, पण यानं बरं वाटेल," एवढे खरे सांगितले. औषधाला चॉकलेट म्हणून फसवू नका, नाहीतर एखाद्या दिवशी ते चॉकलेट समजून सबंध बाटली पितील. "डॉक्टर सुई टोचतील" म्हणून भीतीही घालू नका. ज्या माणसाकडे त्याला आयुष्यभर विश्वासाने जायचे आहे, त्याचाच बागुलबुवा का करावा?

आता रात्री दोनला मूल उठले तर पाळी ठरलेली आहे. एक दिवस तिची, एक दिवस माझी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलकी येते. पण पत्नीला इतकी वर्षे येत होती, ती कुणी पाहिली नाही. सभाही सुरू आहेत. फक्त फोनचा आवाज मी आता बंद करत नाही.

तर त्या तरुणाला मी पुढच्या रविवारी हे सगळे सांगितले आणि एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या : बाळाचे वजन, तापाच्या औषधाची मात्रा, वयानुसार श्वासाचा आकडा, जवळच्या दवाखान्याचा आणि १०८ हा क्रमांक, आणि 'झटका आला तर कुशीवर, तोंडात काही नाही'. हा कागद घड्याळाखाली चिकटव, असे सांगितले. आपणही आजच चिकटवा. ताप आल्यावर शोधायला वेळ नसतो.

काल तो पुन्हा भेटला. मुलीला सर्दी झाली होती. लांबूनच म्हणाला, "भाऊ, रात्री मोजले. बेचाळीस भरले." सात महिन्यांच्या बाळाला पन्नासच्या आत म्हणजे ठीक. "मग काय केलं?" मी विचारले. म्हणाला, "नाकात थेंब टाकले, बायकोला झोपायला सांगितलं आणि मी जागा राहिलो."

आपल्या घरी असा प्रसंग आला असेल, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आपल्या अनुभवाने दुसऱ्या एखाद्या घरातला उशीर टळेल. पुढच्या अंकात भेटूच. जय भीम.